स्पर्धाक्षमता: एका शब्दाचे निरूपण

आज ‘स्पर्धाक्षमता’ हा एकच शब्द चिंतनासाठी घेऊ आणि नेदरलँड्समधील रांडस्टाड या प्रदेशाच्या आधाराने त्याचे अंतरंग पाहू. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग आणि उट्रेख्त ही चार नगरे, त्यांच्या मधोमध जपलेला शेतांचा आणि कुरणांचा हिरवा भाग, आणि या साऱ्यात नांदणारी सुमारे ८० लाख माणसे, असा हा विस्तार आहे. पॅरिससारखे एकच केंद्र येथे नाही. म्हणून स्पर्धाक्षमता मोजायची म्हटली की मोजणाऱ्याला आधी ठरवावे लागते, ती कोणाची आणि कोणत्या सीमेतली.

सर्वांत वरचा थर उत्पन्नाचा. प्रदेशात झालेल्या उत्पादनाला तेथील लोकसंख्येने भागले की दरडोई आकडा मिळतो. परंतु फ्लेव्होलँड प्रांतातील अल्मेरे पाहा: १९६८ साली पाण्यातून मोकळ्या झालेल्या भूमीवर हे नगर वसले, आणि तेथील कितीतरी माणसे रोज ॲमस्टरडॅमला कामाला जातात. त्यांच्या श्रमाचे फळ ॲमस्टरडॅमच्या खात्यात पडते, त्यांची डोकी मात्र अल्मेरेच्या खात्यात गणली जातात. त्यामुळे एक प्रांत आहे त्याहून दुबळा, तर दुसरा आहे त्याहून सबळ दिसू लागतो. युरोपीय संघाचा प्रादेशिक स्पर्धाक्षमता निर्देशांक राजधानीचा विचार तिच्याकडे रोज ये-जा करणाऱ्या परिसरासह करतो, तो याच कारणाने. स्पर्धाक्षमता नकाशावरच्या रेषेत राहत नाही, ती माणसांच्या परस्परसंबंधांत राहते.

आणखी आत गेलो की रॉटरडॅम भेटते. चार दशके हे जगातील सर्वांत मोठे बंदर होते. येथे उतरलेला पुष्कळसा माल ऱ्हाईन नदीने जर्मनीकडे जातो, त्याचे मोल देशाच्या आयातीत आणि निर्यातीतही धरले जाते, आणि व्यापार फुगलेला दिसतो. संख्याशास्त्रात याला रॉटरडॅमचेच नाव मिळाले आहे. हातातून गेलेले धन आणि हातांनी घडवलेले धन यांत विवेक हवा. त्या मालाच्या वाहतुकीत, साठवणुकीत आणि प्रक्रियेत जी मूल्यवृद्धी झाली तेवढीच प्रदेशाची कमाई होय, आणि स्पर्धाक्षमतेचा हिशेब तिच्यापासूनच धरावा.

आता स्पर्धा कोणाशी, हे पाहू. १९९४ साली अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी बजावले की राष्ट्रांना एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्या समजणे घातक आहे. प्रदेशांनाही हे बऱ्याच अंशी लागू पडते. कंटेनरसाठी रॉटरडॅम आणि अँटवर्प यांची चुरस खरीच आहे. पण जर्मनीच्या रूर खोऱ्यातील कारखाने भरभराटीला आले तर रॉटरडॅमच्या धक्क्यांनाच काम मिळते. शेजाऱ्याचे सुख येथे आपल्या सुखाचे कारण होते. म्हणून प्रदेशाची स्पर्धाक्षमता दुसऱ्याला हरवण्याच्या बळावर तोलता येत नाही.

मग ती कशावर तोलावी? उद्योगांना आणि रहिवाशांना राहण्या-काम करण्यासाठी आकर्षक व टिकाऊ वातावरण देण्याची क्षमता, अशी तिची व्याख्या युरोपीय निर्देशांकाने केली आहे, आणि रहिवाशांना उद्योगांच्या बरोबरीने बसवणे हेच या व्याख्येचे हृदय आहे. तिचे ११ आधारस्तंभ आहेत. नवोन्मेष, बाजारपेठेचा आकार, उच्च शिक्षण हे त्यांत आहेतच. पण पायाशी आरोग्य, शालेय शिक्षण, दळणवळण आणि शासनसंस्था आहेत, आणि मागास प्रदेशांच्या बाबतीत या पायालाच अधिक भार दिला जातो. २०२२ च्या गणनेत २३४ प्रदेशांत उट्रेख्त प्रांत पहिला आला, तो अशा सर्वांगीण मापाने. केवळ उत्पन्नाच्या मापाने नव्हे.

या पायातही सर्वांत खोल आहे तो विश्वास. शासनसंस्थांचे मोजमाप करताना नागरिकांनाच विचारले जाते की शाळा, रुग्णालये आणि पोलीस निःपक्षपातीपणे वागतात का, लाच द्यावी लागते का. रांडस्टाडचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे, आणि तेथील जलमंडळे तेराव्या शतकापासून पाणी आवरत आली आहेत. एकाने बांध ढिला सोडला तर सर्वांची शेते बुडतात, हे जाणून शेजारी शेजाऱ्याशी बांधला गेला. एकमेकांवरील श्रद्धा हेच समाजाचे मूळ भांडवल, हे श्रद्धावंतांना सांगायला नको. मोजणाऱ्यांनाही ते आपल्या कोष्टकात मांडावेच लागले.

म्हणून, साधकहो, स्पर्धाक्षमतेची क्रमवारी हाती आली की क्रमांकाआधी तिचे स्तंभ वाचावेत. जे मोजले जाते त्याकडे राज्यकर्त्यांचे लक्ष आणि निधी वळतो. मापात रुग्णालय, शाळा आणि सचोटी असली, तर पुढे जाण्याच्या धडपडीतूनच लोककल्याण साधते. आपल्या माणसांना धरून ठेवण्याचे आणि वाढवण्याचे सामर्थ्य, हाच या शब्दाचा परिपक्व अर्थ होय.