गिऱ्हाईक जोडावे की माणूस?

'अमक्याचे दुकान चांगले चालते, कारण त्याने माणसे जोडली आहेत,' असे आपण सहज बोलून जातो. परंतु आमच्या परिचयाच्या एका किराणा दुकानदाराने परवा जो प्रश्न विचारला, त्यामुळे या सहजोक्तीचा नीट विचार करणे आम्हांस भाग पडले. ते म्हणाले, "दुकानी येणाऱ्या प्रत्येकाची मी विचारपूस करतो. कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, हे सारे लक्षात ठेवतो. पण यात माया किती आणि व्यापार किती, हे माझे मलाच कळत नाही. उद्या तो मनुष्य दुसरीकडून माल नेऊ लागला, तर त्याच्या आईची चौकशी मी करीन काय?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. घरबसल्या माल मागविण्याच्या या दिवसांत लहान दुकानदाराचे सारे भांडवल म्हणजे ही ओळखच होय. ती ओळखच दांभिक ठरली, तर त्याच्याजवळ उरले काय?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, संबंधाच्या मुळाशी गरज असली म्हणून तो संबंध खोटा ठरत नाही. वैद्य फी घेतो, शिक्षक वेतन घेतो. तेवढ्याने त्यांची कळकळ ढोंगी होत नाही. लाभ आणि लोभ एकाच दारातून आत येतात. त्यांची पारख व्हायची ती दोघांच्या वाटा जेथे फुटतात तेथे.

आमच्या बेळगावात किर्लोस्कर रोड या नावाचा रस्ता आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर येथे आले, तेव्हा त्यांचे दुकान सायकलींचे होते. त्यांचे बंधू सायकल विकीत आणि ती चालविण्यासही शिकवीत. विक्री झाली म्हणजे संबंध संपला, असे त्या दुकानी नव्हते. पुढे लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि आरंभीचे नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांचा आम्हांस फार विचार करावासा वाटतो. ज्याचे पोट जमिनीवर आहे, त्याने जमिनीविषयी भ्यावे यात मूर्खपणा नव्हे, जबाबदारी आहे. अशा मनुष्याला हसून नांगर विकता येत नाही. त्याची भीती समजून घ्यावी लागते आणि वस्तू तिच्या कामानेच बोलेल इतकी वाट पाहावी लागते. चिकाटी आणि लोचटपणा यांतील भेद हाच होय. लोचट मनुष्य तीच मागणी घेऊन पुनःपुन्हा दारी येतो; चिकाटीचा मनुष्य प्रत्येक खेपेस समोरच्याची अडचण अधिक समजून घेऊन येतो. पहिल्याला पाहून लोक दार लोटून घेतात, दुसऱ्याची एक दिवस वाट पाहू लागतात.

पुढे नगराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजाला त्या क्षणी नांगराची गरज नव्हती; त्याने विश्वास टाकला तो माणसावर. असा विश्वास अडचणीच्या दिवशी बाजारातून विकत आणता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, पण माणसे जोडता जोडता उधारीची वही फुगली आणि दुकान बुडाले, तर?" ही शंका रास्त आहे. भिडेपोटी बुडालेली दुकाने आम्हीही पाहिली आहेत. या प्रसंगी आम्हांस देहूच्या एका वाण्याचे स्मरण होते. तुकोबांचे घराणे वाणसवदा आणि सावकारी करणारे. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाची झळ त्यांच्या घरास लागली. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. परंतु त्याच कथेतील दुसरा भाग आपण विसरतो: बुडविली ती स्वतःच्या वाट्याची, धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्याची त्यास दिली. औदार्याची मर्यादा याहून नेमकी सांगता येणार नाही. आपल्या नफ्यातून सोडावे. नोकराच्या पगारातून किंवा घाऊक व्यापाऱ्याच्या येण्यातून सोडण्याचा आपणांस अधिकार नाही. 'या महिन्यात उधार देणे जमणार नाही,' हे स्पष्ट पण गोड शब्दांत सांगणे हाही माणूस जोडण्याचाच भाग आहे. भिडेने दिलेली उधारी शेवटी दोघांनाही एकमेकांचे तोंड चुकवावयास लावते.

आता त्या दुकानदारांच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या अंतःकरणात माया किती आणि व्यापार किती, हे तराजूत घालून पाहण्याची आवश्यकता नाही. कसोटी सोपी आहे. आपल्याजवळचा जिन्नस हलका असेल, तेव्हा 'आज हा नेऊ नका' असे आपण गिऱ्हाइकास सांगतो काय? ज्याने आपले दुकान सोडले, तो रस्त्यात भेटला असता त्याला आपणहून नमस्कार करतो काय? या दोन प्रसंगी लाभ बाजूस सरतो आणि जे उरते तीच आपली खरी माया.

हे लिहून झाल्यावर आम्ही त्यांच्या दुकानी गेलो. तूरडाळ मागितली, तेव्हा ते म्हणाले, "चार दिवस थांबा, नवा माल येतोय. ही तेवढी चांगली शिजत नाही." त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले होते, त्यांच्या ते ध्यानीही आले नसावे.