सोडलेल्या बाणाचा धनी कोण?

काही दिवसांपूर्वी मला अमेरिकेतून एक पत्र आले. लिहिणारा तरुण कृष्णाकाठच्या एका खेड्यातला. त्याचे आईबाप आमच्या मंडळीचे जुने सभासद असल्यामुळे मी त्याला लहानपणापासून ओळखतो. नोकरीनिमित्त तो हल्ली कोलोरॅडो राज्यात असतो. त्याने जो प्रश्न विचारला आहे तो त्याच्या एकट्याचा नाही, तुमचा आमचा सर्वांचाच आहे, असे मला वाटले. म्हणून त्याच्या परवानगीने आणि त्याचे नाव-गाव वगळून तो मी वाचकांपुढे ठेवीत आहे.

त्या देशात हरणाची शिकार कायद्याने करता येते. सरकारचा परवाना घ्यावा लागतो, ऋतू ठरलेला असतो, आणि कोलोरॅडोत सप्टेंबर महिना धनुष्यबाणाच्या शिकारीसाठी राखलेला असतो. आमच्या या तरुणाने दोन वर्षे नेमाने सराव केला. कप्प्या लावलेले नव्या घडणीचे धनुष्य तो चांगले चालवू लागला. मग गतवर्षी एका सोबत्याबरोबर तो सुमारे दहा हजार फूट उंचीच्या एका डोंगरावर गेला. त्या डोंगरावर त्याने पूर्वी कधी पाऊल ठेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, खेचरासारखे लांब कान असणारे त्या देशातले एक हरिण त्याला चाळीस पावलांवर दिसले. त्याने बाण सोडला. बाण लागला, पण जेथे लागावयास हवा होता त्याच्या मागे, पोटात. हरिण उसळले आणि उतारावरून खालच्या दाट झाडीत नाहीसे झाले. अंधार पडत होता. खाली कडा आहे की ओढा, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ते परत फिरले. रात्री पाऊस झाला, रक्ताचा माग धुऊन गेला. पुढे दोन दिवस शोधूनही हरिण सापडले नाही.

तो लिहितो, “पाळकसाहेब, परवाना माझ्यापाशी होता. कोणताही नियम मी मोडला नाही. सोबती म्हणाला, असे होतच असते. तरी रात्री मला झोप येत नाही. मी पाप केले काय?”

या प्रश्नाचे उत्तर घाईने देणे सोपे आहे. एक जण म्हणेल, जीव मारणे हेच पाप, मग बाण कोठे लागला याची चर्चा कशाला? ज्यांनी मांसाहार वर्ज्य केला आहे त्यांच्या तोंडी हे बोलणे शोभते, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु नाताळाला घरी बोकड कापणाऱ्या आपण ते बोलू नये. दुसरा म्हणेल, परवाना होता ना, मग झाले! हे उत्तर पहिल्याहून वाईट. कायदा कोठे काय करता येते एवढे सांगतो; जे केले त्याचे ओझे उतरविणे त्याच्या हाती नाही. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंदच केली आहे. तेव्हा हे वाचून कोणी सह्याद्रीत धनुष्य घेऊन जाण्याचा विचारही मनात आणू नये. परंतु शिकार बंद झाली म्हणून हा प्रश्न आपल्यापुरता मिटला, असे नव्हे. ते पुढे दिसेल.

प्रथम बाणाचा स्वभाव पाहू. बंदुकीच्या गोळीच्या आघाताने जनावर पुष्कळदा जागीच कोसळते. बाणाचे तसे नाही. बाणाचे पाते कापीत जाते आणि जनावर रक्तस्रावाने मरते. फुप्फुसात बरोबर लागला तरी ते काही अंतर धावतेच. म्हणून जाणता तिरंदाज बाण सोडल्यावर लगेच मागे धावत नाही. अर्धा तास तरी तो स्वस्थ बसतो, कारण पाठलागाने घाबरलेले जनावर मैलोगणती पळते; स्वस्थ सोडले तर जवळच कोठे तरी झाडाखाली बसते. मग तो माग काढू लागतो. रक्त फेसाळ व तांबडेलाल असेल तर घाव फुप्फुसाचा, काळसर असेल तर काळजाचा, आणि त्यात हिरवट चोथा दिसला तर पोटाचा. पोटाच्या घावाला कित्येक तास थांबावे लागते. सारांश, धनुष्याच्या शिकारीत बाण सोडणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे पायांचे, डोळ्यांचे आणि धीराचे आहे. आणि ते करावयाचे तर भूमीची ओळख हवी.

ही ओळख म्हणजे काय, हे मला एकदा वासोट्याच्या वाटेवर कळले. आम्ही मंडळीतील काही तरुणांना घेऊन बामणोलीहून होडीने शिवसागर ओलांडून, वनखात्याचा परवाना काढून तो गड चढत होतो. सकाळचे धुके उतरले, आणि वाटाड्या चार वळणे पुढे गेल्यामुळे मी पाव तास एकटा पडलो. डोक्याहून उंच कारवी, पायाखाली ओला पाला. जलाशय उजवीकडे की डावीकडे, हेसुद्धा मला सांगता येईना. ज्या जिल्ह्यात माझे आयुष्य गेले त्याच जिल्ह्यात मी परका ठरलो. वाटाड्या मात्र हाक ऐकून सरळ माझ्यापाशी आला. ऊन चढले की वारा दरीतून वर वाहतो आणि सायंकाळी थंड हवा खाली उतरते. त्यावरून सांबराला आपला वास कोणत्या बाजूने जाईल, हे तो सहज सांगत होता. त्याला ते कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

कोयनेचे धरण झाले तेव्हा ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांतले एक वृद्ध गृहस्थ आज खालच्या सपाटीवर राहतात. त्यांच्या बालपणी, कायदा होण्याच्या कितीतरी आधी, ठासणीच्या बंदुका घेऊन माणसे रानात जात. मी त्यांना विचारले, “बाबा, तेव्हा शिकारीला काही नियम होता काय?” ते म्हणाले, “एकच व्हता. ज्या नाळंतनं वझं वर आणता येत न्हाई, तितं बार टाकायचा न्हाई.” मी आयुष्यात नीतिशास्त्राची जी पुस्तके वाचली त्यांत यापेक्षा नेमके वाक्य मला क्वचितच आढळले.

आता आपल्या गावोगावच्या कीर्तनांत ऐकलेल्या जुन्या कथा आठवा. दशरथाने रात्री शरयूच्या काठी पाण्याचा आवाज ऐकून, हत्ती पाणी पितो आहे असे समजून बाण सोडला; तो घागर भरणाऱ्या श्रावणाला लागला. पांडूने रानात हरणाच्या जोडीवर बाण सोडले. तो हरिणरूपातला ऋषी निघाला. यादवांचा अंत झाल्यावर जरा नावाच्या व्याधाने झाडीतून हरिण समजून बाण मारला. तो श्रीकृष्णाच्या पायाला लागला. या तिन्ही कथांत धनुर्धराचा नेम चुकलेला नाही. बाण जेथे मारला तेथेच लागला आहे. चुकले ते ज्ञान. काय आहे हे नीट न जाणता हात चालला, आणि दशरथाला पुत्रशोकाचा शाप व पांडूला मृत्यूचा शाप भोगावा लागला.

पवित्र शास्त्रातही धनुष्याने केलेली शिकार आहे. वृद्ध इसहाकाने एसावाला भाता व धनुष्य घेऊन रानात जाण्यास सांगितले, आणि त्या शिकारीबद्दल तेथे कोणी त्याला दोष दिलेला नाही. मोशेच्या नियमशास्त्राने हरिण खाण्यास मोकळीक दिली. परंतु लेवीयाच्या सतराव्या अध्यायात शिकाऱ्यावर एक बंधन आहे: मारलेल्या जनावराचे रक्त त्याने जमिनीवर ओतावे व मातीने झाकावे. या नियमाचा अर्थ पंडितांनी अनेक प्रकारे सांगितला आहे. मला त्यातली एक साधी गोष्ट दिसते. ज्याला रक्त झाकावयाचे आहे त्याला जनावरापर्यंत पोहोचलेच पाहिजे. दूर उभे राहून, हात झटकून, त्याला घरी जाता येत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल, “मग माणसाने अनोळखी प्रदेशात जाऊच नये काय? सारे आयुष्यच अनोळखी आहे.” आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तरही आहे. अनोळखी डोंगरात जाणे हा दोष नव्हे. न गेल्यास ओळख व्हावयाची कशी? अज्ञान हाही दोष नव्हे. कोणाही माणसाचे ज्ञान अपुरेच असते. पण आपल्याला पुढचे माहीत नाही हे ठाऊक असताना, जे परत घेता येत नाही ते हातातून सोडणे, हा दोष होय. पाऊल मागे घेता येते. बाण घेता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, रान स्वतःच क्रूर आहे. कोळसुंदे सांबराला जिवंतपणी फाडतात, मग माणसाच्या एका बाणाचे एवढे काय? परंतु कोळसुंदा आपल्या भक्ष्याला अर्धमेले सोडून, अंधार पडला म्हणून घरी परतत नाही. तो जे आरंभतो ते त्याच्या भुकेच्या बळावर संपवितो. आपल्याला भुकेखेरीज विचारही दिला आहे. मग त्याच्याहून कमी हिशेब आपल्याकडून कसा मागितला जाईल?

अर्धवट सोडलेल्या घावाचे फळ कोठवर जाते याचा एक दाखला इतिहासात आहे. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँ प्रदेशात चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसे मारली होती अशी नोंद आहे. तपासले तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. पूर्वी कोणाच्या तरी बंदुकीची गोळी लागून ते मोडले होते, आणि म्हणून तिला तिचे स्वाभाविक भक्ष्य मारता येईना, असे कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे. ती गोळी झाडणारा कोण होता हे कोणी जाणत नाही. कदाचित तो त्या रात्री घरी जाऊन स्वस्थ झोपला असेल. आमच्या तरुणाला झोप येत नाही, ही गोष्ट म्हणूनच मला शुभ वाटते.

आता घराकडे वळू. आपल्या सांगली जिल्ह्यात सागरेश्वराचे अभयारण्य आहे. उजाड डोंगरावर माणसांनी झाडे लावून ते उभे केले, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरच्या या रानाला १९८५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे आणून सोडलेली हरणे वाढली, आणि कुंपण ओलांडून शेतात उतरू लागली. पश्चिमेला कोयना व चांदोलीची राने मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या कडेच्या गावांतही गवे, सांबरे व रानडुकरे पिकात शिरतात. ज्याचा हरभरा एका रात्रीत खाल्ला गेला त्याचे दुःख खरे आहे. त्याला नीतीचे पाठ देणारा मी कोण? सरकारकडून नुकसानभरपाई मिळते, पण तिला वेळ लागतो आणि ती पुरतेच असे नाही, हेही खरे.

तथापि, माझ्या शेतकरी बांधवांनो, बांधावर तारेचा फास लावणे, किंवा कुंपणात विजेचा प्रवाह सोडून घरी निजावयास जाणे, हा अंधारात सोडलेला बाणच नव्हे काय? फासात अडकलेले जनावर दोन-दोन दिवस तडफडते, आणि लावणारा तेथे नसतो. विजेची तार डुक्कर व माणूस असा भेद करीत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी तिला लागून मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात म्हटले आहे की, ज्याने खड्डा खणला व उघडा ठेवला, त्यात शेजाऱ्याचा बैल पडला तर भरपाई त्यानेच करावी. खणणारा तेथे हजर नव्हता ही सबब तेथे चालत नाही. राखण करा, मचाणावर जागा, डबे वाजवा, पंचनाम्यासाठी वनखात्याच्या दारी चार वेळा जा. पण ज्याच्या मागे आपण उभे नाही असे हत्यार रानात ठेवू नका.

त्या तरुणाला मी जे लिहिले ते असे: “चिरंजीवा, तू धनुष्य हाती घेतलेस यात मी पाप म्हणत नाही. पोटात बाण लागला, यातही नाही. हात कोणाचाही हलतो. पण सूर्य मावळत आहे आणि खाली काय आहे हे आपल्याला माहीत नाही, हे तुला दोरी ओढण्याआधी ठाऊक होते. त्या एका क्षणी तू चुकलास, आणि ती चूक तू ओळखतोस. ‘असे होतच असते’ या शब्दांनी तिला झोपवू नकोस. आणि जन्मभर स्वतःला छळीतही बसू नकोस. तुझ्या खालच्या जागी कोणी धनी उभा नाही, त्या बाणाचा धनी तूच आहेस, एवढे देवापुढे कबूल कर. मग पुढच्या वेळी त्या डोंगरावर धनुष्य न घेता जा. त्याचे ओढे, त्याच्या नाळी, त्याचा वारा ओळखून ये. ओळख झाल्यावर बाण सोडावा की नाही, हे तुझे तुलाच कळेल.”

त्याचे उत्तर थोडक्यात आले आहे. येत्या उन्हाळ्यात तो रिकाम्या हातांनी त्या उतारावर जाणार आहे. हरिण जेथे झाडीत शिरले, तेथपासून खालच्या ओढ्यापर्यंत त्याला एकदा चालून पाहावयाचे आहे.