ठिपके

पहिल्या १५ दिवसांत आमच्या कॅमेऱ्यासमोरून बिबट्या चार वेळा गेला आणि चारही वेळा तो पांढराफटक आला.

जुन्नर तालुक्यात मामाच्या उसाजवळून एक पायवाट जाते. तिच्या कडेच्या बाभळीला मी गुडघ्याएवढ्या उंचीवर ट्रॅप कॅमेरा बांधला होता. समोर एखादं उबदार अंग हललं की तो आपोआप फोटो काढतो. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की येणारा बिबट्या एकच आहे की दोन? प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यावरून ते कळतं. पण माझ्या फोटोंत ठिपकेच नव्हते.

दोष शोधायला बसलो. लेन्सवर दव साचून पहाटेचे फोटो दुधाळ येत होते, ती पुसली. अगदी समोर आलेलं गवताचं पातं दिव्यांत चमकत होतं, ते कापलं. खरी चूक मात्र अंतराची होती. कॅमेरा वाटेपासून जेमतेम चार फुटांवर आणि दिवे पूर्ण ताकदीवर. इतक्या जवळून इतका उजेड टाकला तर समोरचं काहीही पांढरंच होणार. कॅमेरा वाटेपासून १२ फुटांवरच्या झाडावर नेला, दिव्यांची ताकद कमी केली. दोन रात्रींनी बिबट्या आला. कुशीवरचा एकेक ठिपका मोजून घ्यावा असा.

त्याच कार्डात पहाटे पाचचा एक फोटो होता. शेजारच्या वस्तीवरच्या काकू, हातात पाण्याचा डबा. आधीच्या फोटोंतही त्या असणार. पण जवळून फक्त साडीचा काठ आणि पांढरे पाय दिसायचे. ते मी न बघताच उडवले होते. मागे सरकल्यावर चौकट उंचावली आणि तिच्यात चेहरा आला.

फोटो लगेच डिलीट केला. पुढे तीन-चार दिवसांनी काकू दिसेनाशा झाल्या. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

मग मामी म्हणाली, "ती आता पलीकडनं जाती, उसाच्या कडंनं. तुझा तो लाल डोळा बघतो म्हणती."

दिवे लागताना अंधारात बारीकशी लाल चमक दिसते, हे मला माहीत होतं. बिबट्याला ती खटकेल का, याचा मी विचार केला होता. काकूंचा नाही. त्यांना माझ्या कॅमेऱ्यापेक्षा बिबट्याचा ऊस बरा वाटला होता.

कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाजवळच्या बायकांबद्दल केंब्रिजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जनावरं दूर राहावीत म्हणून त्या जंगलात मोठ्यानं बोलायच्या, गाणी म्हणायच्या. कॅमेरे लागल्यावर त्यांचे आवाज खाली गेले, आणि धोका वाढला. पूर्वी मी ते बातमी म्हणून वाचलं होतं.

तेव्हापासून एक प्रश्न सुटत नाही. बिबट्याला ओळखता येणं मला न्यायाचं वाटतं. नाहीतर 'बिबट्या आला' एवढ्यावर पिंजरा लागतो आणि त्यात कुठलाही बिबट्या सापडतो. ठिपके दिसले तरच तो 'हा' बिबट्या होतो. मग काकूंच्या बाबतीत तीच स्पष्टता अन्याय कशी झाली? परवानगी म्हणावं, तर मी ती बिबट्याचीही घेतली नव्हती. बहुधा फरक असा आहे: न ओळखल्यामुळे बिबट्याचं नुकसान होतं, आणि काकूंना त्या वेळी न ओळखलं जाण्याचाच आधार होता. मी दोघांवर एकच दिवा धरला. स्पष्ट दिसणं म्हणजे चांगलं, हे मी फोनकडून शिकलो होतो. कुणासाठी चांगलं, हे विचारायचं राहून गेलं.

मामीला घेऊन काकूंकडे गेलो. मनात मोठं माफीचं भाषण होतं. काकूंनी ते अर्ध्यावर तोडलं. "माझ्या येळेला बंद ठेव की. यंत्रच हाय ना?"

सेटिंगमध्ये तशी सोय पहिल्यापासून होती. आता साडेचार ते साडेसहा कॅमेरा झोपतो. बिबट्याही बऱ्याचदा त्याच वेळी फडात परततो. त्या दोन तासांत दुसरा बिबट्या गेला, तर तो माझ्या मोजणीत येणार नाही.

काकू पुन्हा जुन्या वाटेनं जातात. हेही मला मामीनंच सांगितलं.