देणाऱ्याचा हात

विकलेल्या वस्तूवरून विकणाऱ्याचा हात उठावा आणि दिलेल्या वस्तूवरून देणाऱ्याचा हात उठावा, हा मनुष्याच्या व्यवहाराचा फार जुना पाया आहे. कुंभाराने मडके विकले, की त्यात पाणी भरावे की धान्य, हे घेणाऱ्याने ठरवायचे. रात्री त्याच्या घरात शिरून त्या मडक्याचा काठ बदलण्याचा अधिकार कुंभारास उरत नाही. काठ पूर्वीपेक्षा चांगला करून दिला, तरीही नाही.

आपल्या काळात मात्र अशी एक वस्तू घरोघर आली आहे, की जिच्यावरून देणाऱ्याचा हात कधीच पुरता उठत नाही. तिला आपण ॲप म्हणतो, आणि त्या न उठलेल्या हाताच्या हालचालीस अपडेट. काल निजताना जी वस्तू आपल्याजवळ होती, तीच आज सकाळी असेल अशी शाश्वती नाही. तीत काही दुरुस्त झालेले असते, काही वाढलेले असते, आणि क्वचित् काही नाहीसेही झालेले असते. हा हात उपकाराचा की अतिक्रमणाचा, आणि तो वस्तूवर ठेवणाऱ्यावर कोणते कर्तव्य येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरण मुद्दाम लहान घेतो. घरातील मोठ्या संगणकावर चालणारा खेळ हातात मावणाऱ्या यंत्रावर खेळता यावा, यासाठी अँड्रॉइडवर काही ॲप आहेत. वाचकांपैकी ज्यांना ती ठाऊक नसतील त्यांनी आपल्या नातवंडांस विचारावे. खेळाचे सारे गणित संगणकच करतो. पडद्यावरचे प्रत्येक चित्र आकुंचित करून तो घरातील वाय-फायवरून धाडतो. हातातील यंत्र ते उलगडून दाखवते आणि दाबलेल्या कळीची वार्ता उलट संगणकास पोचवते. सेकंदाला 60 चित्रे धरली, तर एका चित्राच्या वाट्याला 17 मिलिसेकंदांहूनही कमी वेळ येतो. हे सारे दोन टोकांमधले संभाषण आहे. एका टोकाने भाषा बदलली की दुसरे टोक मुके होते. विषय खेळाचा म्हणून हलका वाटेल. परंतु मालकी, दान आणि वचन यांचे प्रश्न लहान वस्तूंतच अधिक स्वच्छ दिसतात. मोठ्या वस्तूंत पैशाचा धुरळा फार असतो.

एन्व्हिडिया ही संगणकातील चित्रयंत्रणा बनविणारी अमेरिकन कंपनी. तिने 2013 साली शील्ड नावाचे हातात धरून खेळण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याबरोबर गेमस्ट्रीम ही सोय दिली. संगणकावरचा खेळ शील्डवर आणणारी ही सोय त्या यंत्राच्या प्रमुख आकर्षणांपैकी होती. पुढे अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी एमहॅक्स नावाच्या विद्यार्थी-मेळ्यात एक प्रकल्प सुरू केला. गेमस्ट्रीमची भाषा जाणणारे त्यांचे ॲप शील्डखेरीज इतर अँड्रॉइड यंत्रांवरही चालू लागले. प्रथम त्याचे नाव लाइमलाइट होते, नंतर मूनलाइट झाले. ते फुकट वाटले गेले आणि त्याची मूळ आज्ञावली सर्वांस खुली ठेवण्यात आली.

डिसेंबर 2022 मध्ये एन्व्हिडियाने जाहीर केले, की फेब्रुवारी 2023 च्या मध्यापासून येणाऱ्या अपडेटने गेमस्ट्रीम शील्ड यंत्रांवरून काढून घेतले जाईल. कंपनीने आगाऊ सूचना दिली आणि स्टीम लिंकसारखा दुसरा मार्गही सुचविला, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तथापि ज्या मार्गाने दुरुस्ती घरात येते त्याच मार्गाने एक सोय घराबाहेर नेली गेली, हे यातील मर्म आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी अठरा व्यवहारपदांत यासाठी एक स्वतंत्र पद राखून ठेवले आहे. नारदाने त्यास दत्ताप्रदानिक म्हटले आहे: दिलेली वस्तू परत घेऊ पाहणाऱ्याचा वाद. देय, अदेय, दत्त आणि अदत्त असे चार वर्ग तो करतो. भयाने, क्रोधाने किंवा शोकाच्या भरात दिलेले ते अदत्त, म्हणजे दिले असूनही न दिल्यासारखे. 'दत्त' म्हणजे जे एकदा दिले ते दिलेच. या वर्गात घेतलेल्या मालाची किंमत म्हणून दिलेले आणि स्नेहापोटी दिलेले अशी दोन्ही तो एकत्र ठेवतो. यावरून मी असे अनुमान काढतो, की दिलेले परत घेऊ नये हा नियम मोबदल्यावर अवलंबून नाही. देणाऱ्याने पैसे घेतले होते की नाही हा प्रश्न वेगळा. देण्याची क्रिया पुरी झाली की नाही हा प्रश्न मुख्य.

आधुनिक कायदाही निराळ्या वाटेने तेथेच येऊ पाहतो. आपल्या 1930 च्या माल विक्री अधिनियमाचे कलम 14 सांगते, की विकत घेतलेल्या मालाचा निर्वेध उपभोग खरेदीदारास मिळेल अशी हमी प्रत्येक विक्रीत गृहीत आहे. तयार स्वरूपात विकली जाणारी संगणकाची आज्ञावली हा 'माल' होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात, विक्रीकराच्या संदर्भात, ठरविले. पण ही दोन सूत्रे जोडून अपडेटविरुद्ध दावा उभा करणे वकिलास सोपे नाही. प्रतिवादी म्हणेल, 'आम्ही यंत्र विकले. त्यातील आज्ञावली केवळ परवान्याने वापरावयास दिली.' सोनी कंपनीचे उदाहरण बोलके आहे. प्लेस्टेशन 3 या यंत्रावर लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसविण्याची सोय होती. 1 एप्रिल 2010 रोजी आलेल्या 3.21 क्रमांकाच्या अपडेटने ती सुरक्षिततेच्या कारणास्तव काढून टाकली. अपडेट नाकारण्याचे स्वातंत्र्य होते. मात्र नाकारणाऱ्यास कंपनीच्या जाळ्यावर इतरांसह खेळण्यास मुकावे लागे. एक हक्क राखावयाचा तर दुसरा सोडा, अशी ही निवड. कॅलिफोर्नियातील खटला वर्षानुवर्षे चालला आणि 2018 मध्ये 37.5 लाख डॉलरांच्या तडजोडीची वेळ आली. तोवर यंत्रही जुने झाले होते आणि रागही.

युरोपीय संघाने 2019 च्या 770 क्रमांकाच्या निर्देशात या प्रश्नाला सरळ हात घातला. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या या नियमांनुसार वस्तू कराराप्रमाणे चालत राहण्यास लागणारे अपडेट पुरविणे हे विक्रेत्याचे कर्तव्य ठरते. वस्तूत त्यापलीकडे बदल करावयाचा, तर करारात सांगितलेले योग्य कारण हवे, ग्राहकावर जादा खर्च पडता कामा नये आणि त्यास स्पष्ट कल्पना दिली पाहिजे. बदलाने ग्राहकाचे क्षुल्लक नव्हे असे नुकसान होत असेल, तर करारातून मोकळे होण्याचा हक्क त्यास आहे.

कंपनीची बाजू टाकाऊ नाही. कोणतीही सेवा अनंतकाळ चालविण्याचे बंधन कोणावरही घालता येणार नाही. माणसे लागतात, पैसा लागतो आणि वापरणारे घटत जातात. हे मला मान्य आहे. परंतु 'यापुढे मी याची निगा राखणार नाही' हे एक वाक्य झाले आणि 'जे दिले ते मी परत नेतो' हे अगदी दुसरे. पहिल्यात देणारा आपला हात उचलतो. दुसऱ्यात तो हात पुढे करून वस्तू उचलतो. निगा थांबलेली वस्तू कदाचित आणखी दोन वर्षे चालेल, कदाचित एखादा चतुर शेजारी ती दुरुस्त करील. परत नेलेल्या वस्तूस ही संधीच राहत नाही. म्हणून नीतीच्या दृष्टीने निगा थांबविण्यास कारण पुरे, परत नेण्यास मात्र फार मोठे कारण हवे. सुरक्षितता हे तसे कारण असू शकेल. केवळ व्यापारी सोय नव्हे.

आता दुसरी बाजू पाहू, आणि ती मला अधिक अवघड वाटते. मूनलाइट हे दान आहे. मग त्याचे अपडेट देत राहणे हे कर्त्यांचे कर्तव्य आहे काय? वापरणारे पुष्कळदा तसे धरून चालतात. नवे यंत्र आले की चित्र अडखळते, कळा उलटसुलट लागतात, आवाज मागे पडतो. मग तक्रारी येतात, आणि त्यांची भाषा याचकाची नसून धनकोची असते. 'अजून दुरुस्त कसे झाले नाही?' हा प्रश्न ज्यास विचारला जातो, त्याने एक पैसाही घेतलेला नसतो.

येथे अँड्रॉइडच्या जगाची एक विशेष अडचण समजून घेतली पाहिजे. तेथे स्वस्थ उभे राहणे म्हणजे मागे पडणे. चित्र आकुंचित करण्याच्या पद्धती बदलतात, एच.264 च्या जोडीला एचईव्हीसी आली आणि त्यानंतर एव्ही1. नव्या यंत्रांचे पडदे आणि कळा वेगळ्या असतात. शिवाय गूगल प्लेचा नियम असा, की जे ॲप अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांपासून फार मागे राहते, ते नवी यंत्रे घेणाऱ्या नव्या ग्राहकांना मिळेनासे होते. लिहिलेला ग्रंथ फडताळात शंभर वर्षे पडून राहिला तरी वाचता येतो. लिहिलेले ॲप तसे राहत नाही. ते देणाऱ्यास एकदा देऊन मोकळे होताच येत नाही, त्यास पुनःपुन्हा द्यावे लागते. एका दानाचे असे अखंड सेवेत रूपांतर होते, आणि दात्याने त्यास केव्हा संमती दिली होती हे कोणी विचारीत नाही.

देवळात नंदादीप लावणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. समई देऊन भागत नाही, तेलाची तजवीज हवी, म्हणून ते दिव्याबरोबर जमिनीचा तुकडा किंवा ठेव लावून देत, आणि देखभाल एका व्यक्तीच्या आयुष्यावर न सोपविता संस्थेवर सोपवीत. आज्ञावली फुकट देणाऱ्या विद्यार्थ्यांजवळ अशी ठेव कोठून असणार? त्यांनी दुसरी तजवीज केली, आणि माझ्या मते ती तितकीच शहाणपणाची आहे.

मूनलाइट ज्या परवान्याने दिले आहे, तो जीपीएलची तिसरी आवृत्ती होय. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ती 2007 साली प्रसिद्ध केली. त्या दस्तऐवजातील दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिली ही, की घालून दिलेल्या अटी पाळणाऱ्याकडून त्यास दिलेले हक्क परत घेता येणार नाहीत. नारदाच्या भाषेत हे निःसंशय 'दत्त' झाले. दुसरी ही, की वस्तू आहे तशी दिली आहे. कोणतीही हमी नाही. म्हणजे दाता एका श्वासात दोन वाक्ये बोलतो: दिलेले मी परत नेणार नाही, आणि याहून अधिक मी तुमचे देणे लागत नाही. शिवाय आज्ञावली उघडी असल्याने, दाता थकला तर ती हाती घेण्यास दुसऱ्या कोणासही मज्जाव नाही. वर सांगितलेल्या युरोपीय निर्देशानेही विनामूल्य दिलेल्या खुल्या आज्ञावलीला, वापरणाऱ्याची माहिती अन्य कामासाठी घेतली जात नसेल तर, विक्रेत्याच्या कर्तव्यांतून वगळले आहे. विक्रेता आणि दाता यांतील भेद कायद्यानेही ओळखला, ही समाधानाची गोष्ट होय.

ही तजवीज कागदी नव्हे, याची प्रचीती गेमस्ट्रीम गेल्यावर आली. संगणकाच्या टोकाला एन्व्हिडियाची जागा घेऊ शकेल अशी सनशाइन नावाची खुली आज्ञावली उपलब्ध होती. ती एका व्यक्तीने सुरू केली होती. पुढे लिझर्डबाइट या गटाने तिचा भार उचलला, आणि हस्तांतरासाठी त्यांना कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. एन्व्हिडियाखेरीज एएमडी आणि इंटेल यांच्या चित्रयंत्रणांवरही ती चालते. त्यामुळे कंपनीने सोय काढून घेतल्यावरही मूनलाइट मुके झाले नाही. ज्यांनी किंमत घेतली त्यांचे देणे संपले, ज्यांनी घेतली नाही त्यांचे चालू राहिले. यावरून कंपन्या वाईट आणि विद्यार्थी चांगले असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. फरक स्वभावाचा नसून दस्तऐवजाचा आहे: एकाने बदल करण्याचा सारा अधिकार आपल्या मुठीत ठेवला, दुसऱ्याने तो वाटून टाकला.

यातून मला जो नियम दिसतो तो असा. ज्याचा हात वस्तूवर राहतो, त्याची जबाबदारीही तेवढीच राहते. विक्रेता वस्तू बदलण्याचा अधिकार केवळ स्वतःकडे ठेवीत असेल, तर ती नीट चालू ठेवण्याचे आणि परत न नेण्याचे ओझेही त्यानेच वाहिले पाहिजे. ज्यास ते ओझे नको असेल त्याने हात उचलावा, म्हणजे निगा सोडताना किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन जावे. कुलूपही लावायचे आणि किल्लीही न्यायची, हे त्याने करू नये.

आणि घेणाऱ्याचे काय? विक्रेत्याकडे हक्क मागताना त्याने संकोच करू नये. दात्याकडे मात्र हक्क मागू नये. तेथे दोष कळवावा तो साहाय्य म्हणून, वसुली म्हणून नव्हे. ज्यास आज्ञावली लिहिता येते त्याने ती लिहावी, ज्यास पैसे देता येतात त्याने ते द्यावेत, आणि ज्यास यातील काहीच शक्य नाही त्याने वाट पाहावी. एखाद्या मुलाच्या हातातील यंत्रावर आज संध्याकाळी खेळ सुरळीत चालेल, त्यामागे त्याने कधी न पाहिलेल्या माणसांच्या कित्येक रात्री असतील. खेळ थांबवून त्याने त्यांची नावे पाठ करावीत असे मी म्हणत नाही. मात्र उद्या चित्र अडखळले, तर त्याने लिहिलेली पहिली ओळ दटावणीची नसावी, एवढे घरातील वडीलधाऱ्यांनी त्यास शिकविण्यासारखे आहे.