गणवेश आणि डोक्यावरचे वस्त्र

शाळेत सर्व मुलांचा पोशाख एकसारखा असावा हा नियम चांगला आहे, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. दुकानदाराचा मुलगा व हमालाचा मुलगा एका बाकावर बसले असता एकाचा उंची सदरा दुसऱ्याला खुपू नये, एवढ्याचसाठी गणवेश आहे. आमच्या सोनकच्छसारख्या तालुक्याच्या गावी तर त्याचे मोल शहरापेक्षा अधिक. परंतु डोके झाकणे ही देवाची आज्ञा आहे असे ज्या मुसलमान मुलीला मनापासून वाटते, तिला या नियमापायी फाटकाबाहेर उभे करावे काय?

हा प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन गेलेला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मध्य प्रदेशाचे तेव्हाचे शिक्षणमंत्री इंदरसिंह परमार यांनी हिजाब गणवेशात बसत नसल्याने शाळांतून तो बंद होईल असे बोलून दाखविले. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री नरोत्तम मिश्र यांनी असा काही प्रस्ताव नाही असे सांगून विषय मिटविला. मुंबईत मात्र तो कोर्टापर्यंत गेला. चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ले या सर्वांना मनाई केली. नऊ विद्यार्थिनींचा अर्ज उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी फेटाळला. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ला यांपुरती त्या मनाईला स्थगिती दिली. वर्गात तोंड झाकून बसण्यास मात्र परवानगी दिली नाही. विद्यार्थ्यांचा धर्म दिसू नये, असे महाविद्यालयाचे म्हणणे होते. तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले की, नावावरून धर्म कळत नाही काय? आणि टिळा व टिकली यांनाही तुम्ही मनाई करणार काय?

हा भेद आम्हांस पटतो. शिकविणाऱ्याला शिकणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. ज्या गुरुजींना किंवा बाईंना मुलाच्या डोळ्यांत ‘समजले नाही’ हे वाचता येत नाही, त्यांनी शिकवायचे कसे? पण केसांवरील कापडाने गणिताचे काय बिघडते, हे आम्हांला कोणी अजून समजावून सांगितलेले नाही.

आणि डोक्यावरचे कापड आपणांस परके आहे काय? प्रार्थनेला उभे राहताना आपल्या आया-आजींचा हात आपोआप पदराकडे जातो. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायावर शब्बाथ शाळेत किती वाद झाले असतील! त्यातला आदेश आज जशाच्या तसा लागू आहे की नाही, यावर आपल्यातच एकमत नाही. तरीही पदर घेणाऱ्या बहिणीला कोणी मंदिराबाहेर काढीत नाही आणि न घेणारीलाही नाही. त्याच पत्रात मूर्तीपुढच्या नैवेद्याविषयी लिहिताना पौल दुसऱ्याच्या विवेकबुद्धीला जपावयास सांगतो, मग आपले ज्ञान कितीही बरोबर असो.

दुसऱ्याचे दुखणे स्वतःला होईपर्यंत कळत नाही, हे जुलै २०१५ मध्ये दिसले. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत नक्कल झाल्याने ती पुन्हा घेण्यात आली आणि पोशाखाचे नियम कडक केले गेले. केरळच्या उच्च न्यायालयाने दोन मुसलमान मुलींना अर्धा तास आधी येऊन झडती देण्याच्या अटीवर हिजाबाची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र, एक दिवस स्कार्फ बांधला नाही म्हणून श्रद्धा नाहीशी होत नाही, असे म्हणून सूट नाकारली. परीक्षेच्या दिवशी तिरुवनंतपुरमला एका कॅथलिक जोगिणीला डोक्यावरचे वस्त्र व गळ्यातील क्रूस काढण्यास सांगण्यात आले. ती परीक्षा न देताच परत गेली. तेव्हा ख्रिस्ती लोकांना वाईट वाटले आणि ते वाटणे योग्यच होते. पण २०१८ मध्ये त्याच शहरातील एका ख्रिस्ती शाळेने हिजाब नाकारला व उच्च न्यायालयाने संस्थेचा हक्क उचलून धरला, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांना वाईट वाटले? कायद्याने मिळालेला हक्क वापरलाच पाहिजे असे थोडेच आहे!

सक्ती उलट बाजूनेही नको. दमोहच्या गंगा जमना शाळेच्या फलकावर हिंदू मुलीही स्कार्फमध्ये दिसल्या, त्यावरून २०२३ साली मोठा गदारोळ झाला आणि शाळेची मान्यता स्थगित झाली. सक्ती नव्हती, असे शाळेचे म्हणणे होते. तशी ती कोठे असेल, तर तीही विवेकबुद्धीवर घातलेला घालाच होय.

कोणी म्हणेल, मुलगी कुठे स्वतः ठरविते, बापच ठरवितो. काही घरी तसे असेलही. पण मग फाटक बंद केल्याने शिक्षा कोणाला होते? बाप दुकानावर जातो, मुलगी घरी बसते. तिला स्वतःचे मत होण्याची जी एक जागा होती, तीच आपण तिच्याकडून काढून घेतो.

वाट फार अवघड नाही. केंद्रीय विद्यालयांत गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ मुसलमान मुलींना चालतो, असा दाखला कर्नाटकाच्या खटल्यात पुढे आला होता. सदऱ्याच्या रंगाचे हातभर कापड आमच्या बाजारातल्या शिंप्याकडेही मिळेल.