ताण आणि दुष्काळ
(प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार : लूक १३:१-९)



आजच्या शुभवर्तमानात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक तीन वर्षे येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडच्या संत्राबागा पाहिलेल्यांना हा दाखला फार समजावून सांगावा लागत नाही. संत्र्याचे कलम लावले की चार-पाच वर्षे आळी करायची, खत घालायचे, पाणी द्यायचे आणि वाट पाहायची. मालकाचा धीर का सुटतो, हे बागाईतदाराला ठाऊक असते.

याच बागेतली एक रीत पाहा. आंबिया बहर धरायचा असेल तर डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात, बाग ताणावर सोडतात. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, काही गळतात. झाड आतल्या आत अन्न साठवते. मग खत आणि पाणी मिळाले की फांद्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. ताण नीट बसला नाही तर पालाच वाढतो, बहर मात्र फुटत नाही. प्रायश्चित्तकाळातील उपवास आणि त्याग हा आपण स्वखुशीने घेतलेला असा ताण आहे.

परंतु इथे एक सावधगिरी हवी. हाच दृष्टान्त आपण दुसऱ्याच्या दुःखाला लावतो. ज्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी जीव देऊन गेला, त्या घरी जाऊन आपण म्हणतो, "देव तुमची परीक्षा पाहतो आहे." कुणी मागे कुजबुजते, "काहीतरी पाप असेल." दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्यांचे कारण एकच असते असे नाही, हा विचारशास्त्राचा साधा नियम आपण विसरतो.

ताण देणारा शेतकरी रोज बागेत फिरून पाने पाहतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा, हे त्याला माहीत असते. ताण अती झाला तर फांद्या वाळून सल होते, झाडही जाते, म्हणून तो वेळेवर पाणी सोडतो. ताणाला मोजमाप असते, त्यावर कुणाची तरी नजर असते आणि शेवटी पाणी असते. २०१९ च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शीकडे विहिरी आणि बोअर आटले, पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागा उभ्या वाळल्या. त्याला कुणी ताण म्हटले नाही. तो दुष्काळ होता.

प्रभू येशूही हा फरक करतो. पिलाताने मारलेले गालिली लोक आणि शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेले अठरा जण इतरांहून मोठे पापी होते का? येशू स्पष्ट 'नाही' म्हणतो. पश्चात्तापाची हाक तो मेलेल्यांबद्दल बोलणाऱ्यांना देतो, म्हणजे आपल्याला देतो. आणि दाखल्यातला माळी झाडाला उपदेश करीत बसत नाही. तो आणखी एक वर्षाची मुदत मागतो, भोवती खणायला आणि खत घालायला तयार होतो. म्हणजे झाडाच्या वाट्याचे कष्ट तो आपल्या अंगावर घेतो. क्रुसावर प्रभूने आपल्यासाठी हेच केले.

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करू या. ताण स्वतःला द्यावा : एखादे जेवण, एखादे व्यसन, एखादा जुना राग सोडावा. आणि दुसऱ्याच्या दुष्काळात पाणी घेऊन जावे. फळगळीने ज्यांचा हंगाम गेला, ज्यांच्या घरी आजारपण आहे, जी विधवा मिस्सा संपताच मान खाली घालून निघून जाते, त्यांच्या दारी जावे. तिथे कारणे सांगू नयेत. जवळ बसावे, काय कमी आहे ते विचारावे आणि उपवासातून वाचलेले त्यांच्या हाती गुपचूप ठेवावे.

आपल्या बागेचा माळी असलेला प्रभू आपल्यालाही आणखी एक वर्ष देवो आणि त्या वर्षाचे फळ इतरांच्या मुखी लागो, हीच प्रार्थना.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू