एच-इंडेक्स 2

मागच्या दिवाळीत घाटंजीला घरी होतो तेव्हा सोबत पीएचडी करणाऱ्या एका मित्राचा मेसेज आला. "तुझ्या पेपरवर माझं नाव टाक, मी माझ्यावर तुझं टाकतो. पुढे एकमेकांना साईटही करू. कुणाचं काय जातं?"

माझा एच-इंडेक्स 2 आहे. म्हणजे माझे दोन पेपर असे आहेत, ज्यांचा प्रत्येकी किमान दोनदा कुणीतरी संदर्भ दिलाय. हे माप 2005 मध्ये हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं. आता मुलाखतीत नाव सांगून झालं की हाच आकडा विचारतात. त्यामुळे मेसेज मी लगेच डिलीट केला नाही.

आजी अंगणात तूर निवडत होती. काकांना वावरात विंचू चावल्याची रात्र तिने पुन्हा सांगितली. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय. "डॉक्टरनं गोळी देल्ली म्हून वाचला."

ती गोळी बहुधा प्राझोसिन. मुळात रक्तदाबाची. तिच्यामागे डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा हा मुलगा नागपूरला एमबीबीएस झाला आणि 1976 मध्ये रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट दगावत. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिन त्याच वाहिन्या सैल करतं. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं आणि 1986 मध्ये प्राझोसिनचा अनुभव 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. गंभीर रुग्णांत शंभरात तीस-चाळीस मृत्यू होत, ते एकाच्या आसपास आले.

यावरून "साईटेशन फालतू, खरं काम गावात" असं म्हणून मोकळं होता येईल. पण ते खोटं ठरेल. बावस्करांनी लिहिलंच नसतं तर ती गोळी महाडच्या घाटाखालीच राहिली असती. लिहिणं हे संशोधकाचं कर्तव्यच आहे. मला जे दिसलं ते तुम्हीही तपासा, हे सांगण्याचा तोच मार्ग आहे. आणि संदर्भ देणं म्हणजे उसनं घेतलेलं कबूल करणं. शेजारून आणलेलं पायलीभर धान्य आपण विसरत नाही, तसंच.

आकड्यांचीही एक चांगली बाजू आहे. ओळखीपाळखीने पदं वाटली जात असतील तर बिनओळखीच्या पोराला निदान एक मोजपट्टी मिळते. पण चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने 1975 मध्येच इशारा दिला होता, की मापालाच ध्येय केलं की ते माप बिघडतं. मित्र आणि मी एकमेकांना खोटी उसनवारी लिहून दिली, तर कुणाचं काय जातं? जिथे खरी कबुली असते तीच जागा जाते. उद्या तालुक्यातला एखादा डॉक्टर रात्री दोन वाजता काहीतरी शोधेल, तेव्हा त्याला खरं आणि भरतीचं वेगळं काढता येणार नाही.

बावस्करांचा 2011 चा पेपर मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत त्यांनी 70 रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना सोबत विंचवावरची प्रतिविष लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8, लसीसह 35 पैकी 32. ज्या गोळीने नाव दिलं, ती एकटी दिली तर रुग्ण उशिरा बरे होतात, हे त्यांनी स्वतःच 'बीएमजे'मध्ये छापलं.

आपलीच ओळख खाली आणणारा निकाल मी छापेन का? आकड्यासाठी लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. रुग्णासाठी लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही.

आजीला विचारलं, "ते गोळी कोणं शोधली, माहीत हाय का?"

"मले काय करायचं? वाचला ना."

रात्री मित्राला लिहिलं, "नाही जमणार. पण तुझा डेटा पाठव, मी तपासून देतो." त्याने अंगठा पाठवला. दोन दिवसांनी फाइल आली. त्यात एक चूक सापडली आणि ती दुरुस्त करायला त्याला आणखी सहा महिने लागतील. तो थोडा चिडलाय. माझा एच-इंडेक्स अजून 2 आहे.